मायक्रोफायनान्सला पैसा नक्की अडतो कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं एका मायक्रोफायनान्स, म्हणजे गरिबांना विनातारण छोटी कर्जं देणाऱ्या, संस्थेच्या ट्रेझरीत काढली. म्हणजे बँका आणि फंडांकडून पैसे आणायचे, ते वेळेवर परत करायचे, आणि मधल्या वेळात एक्सेलच्या शीट भरत बसायचं. नवीन जॉइन झालेली मुलं, फंडवाले, ऑडिटर, अगदी लग्नात भेटलेले नातेवाईकसुद्धा तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय. क्रम वगैरे काही नाही, ज्याला जे हवं ते वाचा.

मायक्रोफायनान्स संस्थेकडे पैसा येतो तरी कुठून?

चार-पाच ठिकाणांहून. मालकांचं भांडवल म्हणजे इक्विटी, बँकांकडून घेतलेली कर्जं, परदेशी फंड आणि विकास बँकांची कर्जं, जिथे परवानगी असेल तिथे लोकांच्या ठेवी, आणि थोडीफार अनुदानं. संस्थेचं वय वाढतं तसं हे मिश्रण बदलतं. सुरुवातीला जवळजवळ सगळीकडे अनुदानच असतं, मग हळूहळू कर्ज आणि मग कधीतरी, नशीब असेल तर, ठेवी. ग्रामीण बँकेचा प्रयोग १९७६ मध्ये बांगलादेशातल्या जोब्रा गावात सुरू झाला, १९८३ मध्ये ती रीतसर बँक झाली, आणि १९९५ मध्ये त्यांनी ठरवलं की यापुढे देणगीदारांचा पैसा घ्यायचा नाही, ठेवींवरच चालवायचं. हे सगळ्यांना जमत नाही, का ते पुढे येईल.

जगात एवढा पैसा पडून आहे म्हणतात, मग अडचण कसली?

हाच खरा प्रश्न आहे आणि माझं उत्तर असं की पैसा कमी नाहीये, चुकीच्या रूपात येतो. डॉलरमध्ये येतो जेव्हा कर्जदार स्थानिक चलनात कमावतो. मोठ्या संस्थेकडे जातो जेव्हा गरज छोट्या संस्थेला असते. दोन वर्षांसाठी येतो जेव्हा भांडवल दहा वर्षांसाठी हवं असतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सगळं छान चाललेलं असताना दारात रांग लावतो आणि पहिला पाऊस पडला की छत्री काढून घेतो. चांगल्या वर्षात आम्हाला अशा बँकांचे फोन यायचे ज्यांचं नावही आम्ही ऐकलेलं नसायचं, आणि वाईट वर्षात त्याच रिलेशनशिप मॅनेजरचा फोन तीन दिवस एंगेज. त्या माणसाचा काही दोष नाही म्हणा, वरून लिमिट बंद झाली की तो तरी काय बोलणार.

छोट्या कर्जांची मुदत तर वर्ष-दोन वर्षं असते, मग पैसा अडकतो कसा? वसुली करून परत द्यायचा ना?

कागदावर हे अगदी बरोबर आहे. संस्था बँकेकडून तीन वर्षांसाठी घेते, गटातल्या बाईला एका वर्षासाठी देते, म्हणजे पैसा लवकर परत येतो आणि उशिरा फेडायचा असतो. मुदतीच्या तक्त्यात सगळे रकाने हिरवे. प्रत्येक नवीन ॲनालिस्ट ते बघून खूश होतो.

पण त्या तक्त्यात एक गोष्ट दिसत नाही. कर्जदार हप्ता भरतो तो काही तारण जप्त होईल या भीतीने नाही, तारण नसतंच. तो भरतो कारण हे कर्ज फिटलं की पुढचं मिळणार आहे, थोडं मोठं मिळणार आहे. म्हणजे त्या पुढच्या कर्जाचं वचन हेच तारण. आता समजा बँकांनी आम्हाला नवीन पैसा देणं थांबवलं. आम्ही वसुली करतोय आणि सगळी वसुली जुनं कर्ज फेडायला जातेय. सेंटर मीटिंगमध्ये, म्हणजे जिथे गटातल्या बायका जमून हप्ते भरतात तिथे, एक बाई शेवटचा हप्ता भरते आणि विचारते, माझ्या पुढच्या कर्जाचं काय झालं? फील्ड ऑफिसर म्हणतो, पुढच्या आठवड्यात. पुढच्या आठवड्यातही तो तेच म्हणतो. तिसऱ्या आठवड्यात बाकीच्या बायका एकमेकींकडे बघायला लागतात. चौथ्या आठवड्यात ज्यांचे अजून सहा-सात हप्ते बाकी आहेत त्यांच्या डोक्यात येतं की ही संस्था काही पुढे देणार नाही, मग आपण तरी कशाला घाई करायची. झालं, सुरुवात झाली होती पैशाच्या टंचाईपासून आणि शेवट होतो थकबाकीत. मग तीच थकबाकी बघून बँका म्हणतात बघा, आम्ही थांबलो ते बरोबरच केलं! हे चक्र मी स्वतः बघितलंय आणि मला विचाराल तर या धंद्याची सगळ्यात नाजूक नस हीच आहे. बाकी सगळे धोके यानंतर.

एका ठिकाणी गडबड झाली की सगळीकडचा पैसा का आटतो?

कारण पैसे देणाऱ्याला संस्था वेगळ्या दिसत नाहीत, एकच शब्द दिसतो, मायक्रोफायनान्स. सुक्याबरोबर ओलंही जळतं तसं होतं. सगळ्यात मोठं उदाहरण २०१० चं. ऑगस्टमध्ये एसकेएस ही मायक्रोफायनान्स कंपनी भारतीय शेअर बाजारात आली, इश्यू कित्येक पट भरला, सगळीकडे पेढे वाटल्यासारखं वातावरण. आणि ऑक्टोबरच्या मध्यात आंध्र प्रदेश सरकारने या संस्थांच्या वसुलीवर कडक बंधनं घालणारा अध्यादेश काढला, कर्जदारांच्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या होत्या, एकेका घरावर चार-चार संस्थांचं कर्ज होतं, त्यामुळे राग येणं साहजिकच होतं. त्या राज्यातली वसुली जी नव्व्याण्णव टक्क्यांच्या आसपास असायची ती कोसळून दहा टक्क्यांच्या आसपास आली. पण गोष्ट तिथे थांबली नाही, बँकांनी बाकीच्या राज्यांतल्या संस्थांचाही पैसा रोखला, ज्यांचा आंध्रशी काही संबंध नव्हता त्यांचाही. पुढे रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या मालेगाम समितीचा अहवाल आला, २०११ च्या शेवटी रिझर्व्ह बँकेने या संस्थांसाठी वेगळा वर्ग केला, मग हळूहळू बँका परतल्या.

निकाराग्वातही तेच. २००८ मध्ये तिथे नो पागो म्हणजे भरणार नाही अशी चळवळ सुरू झाली, राजकीय पाठिंबा मिळाला, आणि २०१० मध्ये बॅनेक्स नावाची बँक, जी एकेकाळी फंडवाल्यांची लाडकी होती, बंद पडली. बोस्निया, मोरोक्को, पाकिस्तान, सगळीकडे साधारण त्याच काळात संकटं आली आणि सगळ्यांच्या आधी एकच गोष्ट झालेली दिसते, पैसा फार वेगाने आला होता.

आणि कधीकधी तर गडबड या क्षेत्रात नसतेच. सप्टेंबर २०१८ मध्ये भारतात आयएल अँड एफएस ही पायाभूत सुविधांना पैसा देणारी कंपनी बुडायला लागली, तिचा गटकर्जाशी काय संबंध? पण बँकेतर कंपन्यांना, म्हणजे बँक नसून कर्ज देणाऱ्या आमच्यासारख्यांना, पैसा द्यायलाच सगळे घाबरले आणि आम्हीही त्याच रांगेत उभे.

कव्हेनंट म्हणजे काय, आणि त्याला सगळे एवढे का घाबरतात?

कर्जाच्या करारात लिहिलेल्या अटी. उदाहरणार्थ तीस दिवसांपेक्षा जास्त थकलेली कर्जं, ज्याला पीएआर-३० म्हणतात, ती एकूण कर्जाच्या पाच टक्क्यांच्या वर जाता कामा नये, भांडवलाचं प्रमाण अमुक टक्क्यांच्या खाली जाऊ नये, वगैरे. अट मोडली की देणाऱ्याला सगळं कर्ज ताबडतोब परत मागायचा हक्क मिळतो. आणि खरी गंमत म्हणजे क्रॉस डिफॉल्ट नावाचं एक कलम असतं, एकाची अट मोडली की दुसऱ्याचीही मोडली असं धरतात.

एक किस्सा सांगतो. एका तिमाहीत आमच्या एका भागात पूर आला, रस्ते बंद, मीटिंगा झाल्या नाहीत, आणि तिमाही संपली तेव्हा पीएआर-३० आला ५.३. मर्यादा ५. तीन दशांशाने गेलो. लोक पैसे बुडवणार नव्हते, पाणी ओसरल्यावर बहुतेकांनी भरले सुद्धा, पण एकतीस तारखेचा आकडा तो आकडा. आमच्याकडे तेव्हा वीसेक कर्ज देणारे होते. सगळ्यांना पत्रं लिहिली की या वेळेपुरती सूट द्या. पहिल्याने उत्तर दिलं, बाकीच्यांनी दिली तर आम्ही देऊ. दुसऱ्याने तेच. तिसऱ्याने विचारलं, पहिल्याने दिली का? दीड महिना माझं काम एवढंच होतं, एकाचा ईमेल दुसऱ्याला दाखवायचा आणि दुसऱ्याचा पहिल्याला. शेवटी एका फंडाने, जो रकमेने सगळ्यात लहान होता, सही केली आणि मग धडाधड सगळ्यांच्या आल्या. त्या दीड महिन्यात मात्र नवीन एक पैसा आला नाही, आणि नवीन पैसा आला नाही की काय होतं ते वर लिहिलंच आहे.

त्यानंतर मी करार वाचताना व्याजदर शेवटी बघायला लागलो. आधी ही कलमं. अट मोडल्यावर सुधारायला किती दिवस मिळतात, नैसर्गिक आपत्तीला काही सवलत आहे का, क्रॉस डिफॉल्ट किती रकमेच्या वर लागतो. अर्धा टक्का व्याज जास्त दिलेलं परवडतं पण हे परवडत नाही.

परदेशी पैसा स्वस्त असतो ना? मग तोच का नाही घ्यायचा?

दिसायला स्वस्त. समजा डॉलरचं कर्ज ७ टक्क्यांनी मिळतंय आणि स्थानिक बँक १३ मागतेय. कोणीही म्हणेल डॉलर घ्या. पण तुमचा कर्जदार भाजी विकून डॉलर कमवत नाही. तीन वर्षांत स्थानिक चलन घसरलं तर फेडायची रक्कम तेवढ्या प्रमाणात फुगते आणि तो फरक संस्थेच्या भांडवलातून जातो, आणि एका घसरणीत पाच वर्षांचा नफा गेलेला लोकांनी पाहिलाय.

हे घाबरवायला नाही सांगत. नायजेरियाने जून २०२३ मध्ये नायरा मोकळा सोडला तेव्हा डॉलरला साधारण ४७० नायरा पडायचे, पुढच्या फेब्रुवारीत तो दर १,५०० च्या घरात होता. इजिप्तचा पौंड मार्च २०२४ मध्ये ३१ वरून ५० च्या आसपास गेला, तोही जवळजवळ एका दिवसात. ज्यांच्याकडे उघडं, म्हणजे चलन घसरण्यापासून संरक्षण न घेतलेलं, डॉलर कर्ज होतं त्यांची अवस्था काय झाली असेल विचार करा.

मग हेजिंग करा म्हणतात, म्हणजे पैसे मोजून चलन घसरण्याचा धोका दुसऱ्यावर टाका. करावंच. २००७ मध्ये डच विकास बँक एफएमओ आणि इतरांनी मिळून टीसीएक्स नावाचा फंड खास यासाठी काढला, ज्या चलनांसाठी कुठलीही मोठी बँक हेज विकायला तयार नसते त्यांच्यासाठी. काम चांगलं आहे. पण हेजचा खर्च मिळवला की ते ७ टक्क्यांचं कर्ज स्थानिक बँकेच्या दराजवळ, कधीकधी त्याच्याही वर जाऊन बसतं. त्यात मार्च २०२२ ते जुलै २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने दर शून्याजवळून ५.२५ ते ५.५० वर नेले, म्हणजे मुळात डॉलरच महाग झाला. बदलत्या दराने कर्ज घेतलेल्या संस्थांना दुष्काळात तेरावा महिना.

काही देशांत संस्था शहाणपणा म्हणून सरळ कर्जदारालाच डॉलरमध्ये कर्ज देतात. धोका गेला नाही, फक्त सगळ्यात गरीब माणसाच्या डोक्यावर सरकवला. मला हा प्रकार अजिबात पटत नाही.

गरिबांकडून एवढं व्याज का घेता?

हा प्रश्न लग्नातल्या नातेवाईकांचा. उत्तर द्यायला मला नेहमी रुमालावर आकडे लिहावे लागतात. समजा १०० ची कर्जं दिली. ते १०० आणायला १२ व्याज गेलं. ते वाटायला आणि दर आठवड्याला गोळा करायला १० गेले, कारण एका मोठ्या कर्जाला एक माणूस एकदा भेटतो आणि तेवढ्याच रकमेच्या शंभर छोट्या कर्जांना कोणीतरी शंभर ठिकाणी जातं, तेही पुन्हा पुन्हा. २ बुडाले. भांडवल वाढायला २ ठेवले. झाले २६. आकडे उदाहरणापुरते आहेत, देश बदलला की बदलतात, पण रचना हीच. यातला सगळ्यात मोठा तुकडा पैशाची किंमत आहे आणि तो संस्थेच्या हातात नाही.

आता खरं सांगायचं तर या युक्तिवादामागे लपून बरंच काही चालतं. खर्च कमी झाला तरी दर कमी न करणारे आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने चार कर्ज कंपन्यांना नवीन कर्जं देणं थांबवायला सांगितलं, कारण होतं जास्त व्याज, आणि त्यात दोन मायक्रोफायनान्स कंपन्या होत्या. तेव्हा सगळं काही खर्चामुळेच असतं असं मी म्हणणार नाही.

मग सरकारने व्याजाला मर्यादा घातली तर प्रश्न सुटेल ना?

कंबोडियाने एप्रिल २०१७ पासून १८ टक्क्यांची मर्यादा घातली. झालं असं की शुल्कं वाढली आणि अगदी छोटी कर्जं द्यायला संस्था नाखूश झाल्या, कारण छोट्या कर्जावर खर्च निघत नाही. केनियाने २०१६ मध्ये बँकांच्या दरावर मर्यादा आणली आणि २०१९ मध्ये मागे घेतली, छोट्या माणसाला कर्ज मिळणंच अवघड झालं होतं. गुंतवणूकदाराच्या बाजूने बघितलं तर मर्यादेपेक्षाही जास्त भीती असते ती अचानकपणाची. नियम कडक असला तरी चालतो, पण रात्रीत बदलणारा चालत नाही. पैसा देणारा तीन वर्षांचा हिशोब मांडतो आणि सहाव्या महिन्यात हिशोबाचा पायाच सरकतो, मग तो पुढच्या देशाला सुद्धा दर वाढवूनच देतो.

इक्विटी का मिळत नाही? शेअर विकून भांडवल उभं करायला काय हरकत आहे?

हरकत काही नाही, मिळायला हवी. भांडवल हा पाया आहे, २० च्या भांडवलावर १०० ची कर्जं दिली असतील आणि त्यातली ५ बुडाली तर तुमचं पाव भांडवल गेलं, आणि त्यावर उभी असलेली उरलेली कर्जंही डळमळतात. म्हणून प्रत्येक संकटानंतर कर्जापेक्षा भांडवलाची गरज जास्त असते आणि नेमकं तेव्हाच कोणी देत नाही.

अडचण अशी की इक्विटी देणारा फंड बहुतेकदा दहा वर्षांचा असतो. पहिली तीन-चार वर्षं पैसे लावायचे, शेवटची तीन-चार वर्षं बाहेर पडायचं. बाहेर कसा पडणार? एक तर शेअर बाजार, नाहीतर दुसरा मोठा खरेदीदार. छोट्या देशातल्या संस्थेसाठी दोन्ही नाहीत. मग तो फंड आधीच विचारतो की माझा एक्झिट काय, आणि उत्तर नसलं की टर्म शीट, म्हणजे अटींचा प्रस्ताव, येतच नाही.

आणि जिथे एक्झिट झाला तिथे वेगळाच वाद. मेक्सिकोची कॉम्पार्तामोस १९९० मध्ये सामाजिक संस्था म्हणून सुरू झाली आणि एप्रिल २००७ मध्ये तिचे सुमारे ३० टक्के शेअर बाजारात विकले गेले, साधारण ४६ कोटी डॉलर आले. पण ते कंपनीला मिळाले नाहीत, जुन्या भागधारकांना मिळाले, म्हणजे कर्जदारांसाठी नवीन भांडवल शून्य. आणि कर्जाचा दर करासकट शंभर टक्क्यांच्या आसपास होता. ग्रामीण बँकेचे संस्थापक मुहम्मद युनूस यांनी उघड टीका केली. दुसरी बाजू म्हणते की याच घटनेमुळे खासगी भांडवलाला कळलं की इथे परतावा मिळतो. दोन्ही खरं आहे आणि तीच तर पंचाईत. सहा-सात वर्षांत कित्येक पट परतावा मागणारा भागधारक आणि हळू वाढायला हवी असलेली संस्था एका टेबलावर बसली की दरवर्षी बजेटच्या मीटिंगमध्ये वाढीचा आकडा कोण वर ढकलतं ते ओळखायला फार हुशारी लागत नाही.

ठेवी घेतल्या तर ही सगळी कटकट जाईल का?

बरीचशी जाईल. ठेव स्थानिक चलनात असते आणि हजारो माणसांची असते, सगळ्यांनी एकाच दिवशी फोन उचलणं बंद केलं असं होत नाही. इंडोनेशियाच्या बँक रकयात इंडोनेशियाने १९८४ पासून गावपातळीवरची युनिटं नफ्यावर चालवायला घेतली, छोट्या ठेवी आणि छोटी कर्जं, आणि १९९७-९८ च्या आशियाई संकटात तिथल्या मोठ्या बँका कोसळत असताना या युनिटमधल्या ठेवी उलट वाढल्या. बोलिव्हियाची बँकोसोल १९९२ मध्ये सामाजिक संस्थेतून बँक झाली. भारतात २०१५ मध्ये ठेवी घेऊ शकणाऱ्या स्मॉल फायनान्स बँकेचे दहा परवाने तत्त्वतः मंजूर झाले, त्यातले आठ मायक्रोफायनान्सवाल्यांना.

पण परवाना मिळवायला भांडवल लागतं, सॉफ्टवेअर लागतं, वेगळी माणसं लागतात, आणि बहुतेक देशांत साध्या संस्थेला लोकांच्या ठेवींना हात लावायची परवानगीच नसते. ते योग्यही आहे, कारण इथे चूक झाली तर फंडाचे नाही, गरिबाचेच पैसे जातात. मे २०१९ मध्ये बँक ऑफ घानाने एका झटक्यात ३४७ मायक्रोफायनान्स कंपन्यांचे परवाने रद्द केले, त्यातल्या कित्येकांनी ठेवी घेतलेल्या होत्या.

छोट्या संस्थांनाच जास्त त्रास का?

कारण पन्नास लाख डॉलरच्या कर्जाला जेवढा ड्यू डिलिजन्स, म्हणजे पैसे देण्याआधीची तपासणी, लागतो तेवढाच पाच लाखांच्या कर्जाला लागतो. तोच वकील, तोच प्रवास, तीच कमिटी. जिनिव्हा, झुरिक किंवा लक्झेंबर्गमध्ये बसलेल्या फंड मॅनेजरने मोठ्या दहा संस्थांना पैसा दिला की त्याचं वर्षाचं टार्गेट होतं. त्यामुळे सगळे फंड त्याच दहांच्या मागे, तिथे दर उतरतात, पैसा जरुरीपेक्षा जास्त होतो आणि वाटायची घाई होते. आणि एखादी चांगली पण लहान संस्था, डोंगराळ भागातली, रेटिंग नसलेली, ती दोन वर्षं फक्त प्रेझेंटेशन देत फिरते.

अनुदानं कमी झालीयत का?

हो. एक तर २००५-०६ चा भर ओसरला, तेव्हा संयुक्त राष्ट्रांचं सूक्ष्मकर्ज वर्ष झालं होतं आणि पुढच्याच वर्षी युनूस आणि ग्रामीण बँकेला नोबेल शांतता पुरस्कार मिळाला होता. मग जानेवारी २०१५ मध्ये छोट्या कर्जांच्या परिणामांचे सहा देशांतले सहा काटेकोर अभ्यास एकत्र प्रसिद्ध झाले आणि निष्कर्ष असा की परिणाम थोडा चांगला आहे पण आयुष्य पालटून टाकणारा नाही. मला यात काही धक्का बसला नाही, कर्जाने रोख रकमेची ओढाताण कमी होते, गरिबी संपते असं ट्रेझरीतला कोणीही म्हणणार नाही. पण देणगीदारांना गोष्ट मोठी लागते, ती गोष्ट लहान झाली आणि पैसा दुसरीकडे वळला. त्यात २०२५ मध्ये अमेरिकेने यूएसएआयडी ही परदेशांना मदत देणारी आपली सरकारी संस्थाच गुंडाळली. अनुदानाने कर्जं वाटायची नसतातच, पण कर्मचाऱ्यांचं ट्रेनिंग, नवीन प्रदेशात पहिली शाखा, हमी निधी, या गोष्टी त्यावरच चालायच्या.

सिक्युरिटायझेशनमुळे पैसा मोकळा होतो म्हणतात, ते काय असतं?

दिलेल्या कर्जांची एक मोट बांधायची आणि तिच्यातून येणारे हप्ते गुंतवणूकदाराला विकायचे. संस्थेला पैसा आज मिळतो आणि गुंतवणूकदार संस्थेकडे न बघता त्या मोटेकडे बघतो. बांगलादेशात ब्रॅक या मोठ्या सामाजिक संस्थेने २००६ मध्ये हे केलं, सुमारे १८ कोटी डॉलरचं, सहा वर्षांत टप्प्याटप्प्याने. उपयोगी आहे, पण यात पहिला तोटा सहसा संस्थाच सोसते, म्हणजे मोटेतल्या कर्जांवर जादा तारण किंवा रोख ठेवावी लागते. आणि सगळ्यात चांगली कर्जं मोटेत गेली की घरात काय उरलं ते पुढचा कर्ज देणारा बारकाईने बघतो. को-लेंडिंगचंही, म्हणजे बँक आणि संस्थेने मिळून कर्ज देण्याचंही, थोडंफार तसंच, बँक समजा ऐंशी टक्के देते, संस्था वीस, आणि बाजारात तोंड दाखवायचं काम संस्थेचं.

गुंतवणूकदार सामाजिक परिणामाबद्दल विचारतात का, की फक्त नफा?

विचारतात, फॉर्म भरून घेतात. किती महिला, किती ग्रामीण, तक्रारी किती. आमच्याकडे नऊ फंडांचे नऊ वेगळे फॉर्म होते आणि ग्रामीण या शब्दाच्या व्याख्या नऊ. पण एकच प्रश्न फार कमी जण विचारतात : याच कर्जदारावर अजून कोणाचं किती कर्ज आहे? क्रेडिट ब्युरो, म्हणजे कोणावर किती कर्ज आहे याची नोंद ठेवणारी संस्था, असेल तर उत्तर मिळतं, काही भाग निसटतो तरी मिळतं. वर सांगितलेल्या बहुतेक संकटांच्या मुळाशी हेच होतं, एकाच घरात चार ठिकाणचे हप्ते. ज्या फंडाने हा प्रश्न पहिल्याच मीटिंगला विचारला त्याच्याशी आमचं पुढे कायम जमलं.

मी साधा माणूस आहे, यात पैसे टाकू का?

सल्लागार मी नाही. एवढंच सांगतो की किवासारख्या ठिकाणी, म्हणजे २००५ पासून चालू असलेल्या आणि सामान्य लोकांकडून छोट्या कर्जांसाठी पैसे गोळा करणाऱ्या वेबसाइटवर, तुम्हाला व्याज मिळत नाही आणि मुद्दल बुडू शकतं, तेव्हा ती मदत समजूनच करावी. बाजारात लिस्ट झालेल्या कंपनीचा शेअर घेणार असाल तर नफ्याच्या आधी राइट-ऑफचा, म्हणजे बुडीत धरून काढून टाकलेल्या कर्जांचा, आकडा बघा, थकबाकी कमी दिसते ती कधीकधी वसुलीमुळे नाही, पुस्तकातून पुसल्यामुळे.

नवीन संस्थेने पैसा उभा करताना काय सांभाळावं?

मला हे कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं अशा दोन-तीन गोष्टी. एकाच बँकेवर पाव हिश्श्यापेक्षा जास्त अवलंबून राहू नका, तिचा दर कितीही गोड असला तरी. तीन महिन्यांचे हप्ते आणि पगार भागतील एवढी रोख पडून राहू द्या, त्यावर व्याजाचं नुकसान होतं आणि बोर्ड दरवर्षी ओरडतं, ओरडू द्या. आणि वाईट बातमी स्वतः सांगा, तिमाही संपायच्या आधी. त्या पुराच्या वेळी ज्या छोट्या फंडाने पहिली सही केली ना, त्याला मी पाणी चढत असतानाच फोन केला होता. बाकी एकोणीस जणांना आकडा आल्यावर कळवलं.